चार ताऱ्यांची पाटी

कोळपे मॅडम कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी चहा मागायच्या. घरच्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आत, "चहा टाका की वहिनी," असं म्हणून मोकळ्या. बाहेर बसून वाट बघणंही नाही. त्या बाईच्या मागोमाग सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. चहा समोरच्यानं विचारायचा असतो, आपण मागायचा नसतो, एवढं मला इंग्रजी शाळेत शिकूनही माहीत होतं. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले आणि चपलांकडं बघत उभी राहिले.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "माझी लाज वाटली व्हय?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

"भर एप्रिलात, दुपारचं, त्या बाईच्या ओट्यापाशी उभं राहायचं होतं मला. तसं सांगितलं असतं तर तिनं आत घेतलं असतं का? चहा म्हटलं की घेती."

आमचं काम घरांना तारे देण्याचं होतं. फ्रिजवर, एसीवर असतात तसे तारे आता घरांनाही मिळतात. भिंत कशाची, छपरावर काय टाकलंय, खिडक्या केवढ्या आणि कुठल्या दिशेला, त्यांच्यावर छज्जा आहे का, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं की तिथं एक घर उभं राहतं. त्या घरावर कॉम्प्युटर वर्षभराचं ऊन पाडून बघतो, वारा सोडून बघतो, आणि आतल्या माणसांना बरं वाटावं म्हणून किती वीज जाळावी लागेल ते सांगतो. वीज कमी, तर तारे जास्त. सगळे त्याला मॉडेल म्हणतात. मॅडम 'आतलं घर' म्हणायच्या. आतलं घर आणि बाहेरचं घर एकच आहे, अशी खाली सही करायची, हे मॅडमचं काम. ऑफिस शिरूरमध्ये, एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वर. जिना चढताना युरियाचा वास यायचा आणि तो आमच्या कागदांनाही लागायचा.

मी आर्किटेक्चर पुण्यात शिकले, पण घर न्हावऱ्याचं. मुलाखतीला मी इंग्रजीत तयारी करून गेले होते. मॅडमनी माझी फाईल उघडलीही नाही. "दुपारी तुझी आई घरात कुठं बसती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "इन द... पॅसेजमध्ये."

"का?"

मला का ते माहीत नव्हतं.

"चांगलं शिकलीस," त्या म्हणाल्या. "आता घरी जा, आईशेजारी बस आन् उद्या येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं: पॅसेजच्या दोन्ही टोकांना दारं आहेत. वारा तिथूनच जातो. त्यांनी मला ठेवून घेतलं.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. उंच, रुंद हाडांच्या, सुती साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. साइटवर खिळे असतात, असं त्या सांगायच्या, पण लग्नालाही तेच बूट घालून गेलेलं मी त्यांना पाहिलं आहे. दौंडकडच्या खुटबावच्या. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या, तिथं कुणाशी तरी वाजलं आणि नोकरी सोडली. कुणाशी वाजलं, हे त्यांनी मला तीन वेळा तीन तऱ्हेनं सांगितलं. तिन्ही वेळा त्याच जिंकल्या होत्या. नम्रपणा हा गुण त्यांना कधी चिकटला नाही. "दोन तालुक्यांत माझ्याएवढं घर कुणाला कळत न्हाई," असं त्या समोरच्याच्या तोंडावर म्हणायच्या आणि वर हसायच्या. त्यांचं हसणं खालच्या खताच्या दुकानात ऐकू जायचं.

फोनवर त्यांच्या तीन भाषा होत्या. गवंड्याशी एक, माझ्याशी एक, आणि पुण्या-दिल्लीच्या तज्ज्ञांशी एक. ती तिसरी, म्हणजे इंग्रजी, त्या ताठ बसून बोलायच्या, पदर सारखा करून, जणू समोरच्याला दिसतंय. एकदा ऑनलाइन प्रशिक्षणात कुणी एक सर सांगत होते की मॉडेलमध्ये धरायचं की रात्री माणसं बेडरूममध्ये झोपतात, दारं-खिडक्या बंद असतात. मॅडमनी माइक चालू केला.

"सर, इन अवर दौंड, समर नाइट, नोबडी इज इन बेडरूम. होल फॅमिली इज ऑन टेरेस."

सर म्हणाले, हे व्हॅलिड शेड्यूल नाही, माणसांचं असं वेळापत्रक मॉडेलमध्ये धरता येत नाही.

"देन युअर हाउस इज नॉट व्हॅलिड, सर. अवर फॅमिली इज व्हॅलिड."

माइक बंद करून माझ्याकडं वळल्या. "बरोबर बोलले ना?"

"हो," मी म्हटलं.

"चुकलं असतं तर सांगितलं असतंस?"

मी गप्प बसले.

"तेच तर. मुकी कुठली!" असं म्हणून त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

त्याच सरांना पुढं कुणाकडून तरी कळलं की मॅडमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे आणि दुपारी कळप कुठं बसवायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर भारावले. पुढच्या कार्यक्रमात मॅडमनी ही गोष्ट सांगावी, फार छान वाटेल, असा त्यांचा आग्रह. मॅडमनी साफ नकार दिला. "आजाची गोष्ट सांगायला बोलवत्यात. मी केलेलं मॉडेल बघायला कुणी बोलवत न्हाई," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

कवठे येमाईच्या आबांकडं मात्र आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. आबांनी कांद्याच्या चांगल्या वर्षात बंगला बांधला होता. समोरची सगळी बाजू काचेची, निळ्या काचेची, पुण्याच्या शोरूमसारखी. त्यांना पाच तारे हवे होते. पाव्हण्यानं तीन मिळवले होते, म्हणून पाच. मॅडमनी चहा मागितला, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुमी झोपता कुठं?"

आबा टोपी मागं-पुढं करू लागले. आतून त्यांच्या सूनबाईंनी सांगून टाकलं, "कांदाचाळीत."

कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड. जमिनीपासून उचललेली, बाजूला फटी ठेवलेल्या बांबूच्या भिंती, खालून-वरून वारा खेळता. आबांनी तिथं बाज टाकली होती.

"मग तारे चाळीला देऊ का?" मॅडम म्हणाल्या.

"चाळीला कशाला? चाळ काय पाव्हण्यांना दावायची हाय व्हय?"

"मग काचंत कांदं ठिवा आन् चाळीत पाव्हणं बसवा."

आबा रागावतील असं मला वाटलं. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तारा एकच मिळाला. आबांनी तो लावला नाही, पण पुढं त्यांनी भावाचं घर बांधताना मॅडमना पाया खणायच्या आधी बोलावलं.

सगळेच आबांसारखे नसतात. दौंडच्या आप्पांबद्दल आता लिहिते.

आप्पा म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. जमीन, सोसायटी, दूध संघ, सगळीकडं त्यांचा शब्द चालायचा. माणूस तोंडानं गोड. कुणावर ओरडलेले मी त्यांना कधी ऐकलं नाही. दौंडच्या बाहेर, रेल्वे लायनीच्या पलीकडं त्यांनी रो-हाउसेसची वसाहत काढली होती. सगळी घरं एका ओळीत, एका तोंडाची. पाडव्याला बुकिंग सुरू करायचं होतं, म्हणून तारे लवकर हवे होते. तेव्हा मॅडम शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसल्या होत्या. साइट न बघता त्यांनी मॉडेल केल्याची ती एकच वेळ. नकाशावरून, स्वतःच्या हातानं, दोन दिवस बसून केलं. चार तारे आले. पाडव्याला नमुन्याचं घर सजलं आणि त्याच्या फाटकावर ॲल्युमिनियमची पाटी लागली: चार तारे, आणि खाली परीक्षक म्हणून मॅडमचं पूर्ण नाव. दौंडच्या चौकात बॅनरही लागला.

पाय बरा झाल्यावर आम्ही दोघी एसटीनं तिथं गेलो. नमुन्याच्या घरात बुकिंग घेणारा मुलगा एसी लावलेल्या हॉलमध्ये बसा म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "चहा कर. आत ओट्यावर कर."

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. मोठी सरकती काचेची खिडकी, वर छज्जा नाही. ऊन खिडकीतून आत येऊन ओट्यावर, शेगडीवर आणि समोरच्या भिंतीवर चढलं होतं. त्या मुलानं चहाचं पातेलं धरायला फडकं घेतलं, आणि मग ओट्याची कड धरायलाही घेतलं.

मॅडम खिडकीकडं बघत राहिल्या. "ही उत्तर ना?" त्या मला म्हणाल्या.

नकाशात ती उत्तर होती. बाहेर दुपार कलली होती आणि सूर्य बरोबर त्या खिडकीत होता.

त्या आधी हसल्या. मग पिशवीतून नकाशा काढला, ओट्यावर पसरला, पुन्हा गुंडाळला. आप्पांचा ड्राफ्ट्समन शेजारच्याच खोलीत बसायचा, त्याला बोलावलं. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "आमच्याकडं रस्ता कायम कागदाच्या खाली घेत्यात मॅडम. नकाशा हातात धरला की रस्ता पायापाशी यायला पायजे, म्हंजी गिऱ्हाइकाला कळतंय. उत्तरेचा बाण त्या चौकटीबरोबर तयारच असतोय, वर तोंड केलेला."

म्हणजे रस्ता पूर्वेला, कागदावर खाली, आणि बाण वर. कॉम्प्युटरच्या लेखी घराचं दार दक्षिणेला आणि स्वयंपाकघर थंड उत्तरेला. खरं स्वयंपाकघर पश्चिमेला.

परतीच्या एसटीत मॅडमनी नकाशा पुन्हा उलगडून उलटा-सुलटा फिरवून पाहिला. मग एकदम मांडीवर हात मारला. "दक्षिणेला दार! अगं, दक्षिणेला दार असलेली घरं दौंडात कोण घेतंय? आन् आप्पा बांधतोय व्हय? त्या बुकिंगच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय, सर्व घरे पूर्वाभिमुख. ते पत्रक महिनाभर माझ्या टेबलावर पडलंय, त्याच्यावर मी चहाचा कप ठेवती. कॉम्प्युटरला वास्तू कळत न्हाई. मला तर कळती ना?"

मी म्हटलं, "नकाशा चुकीचा होता, मॅडम."

"सही कुणाची हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतलं घर फिरवलं. बाकी काहीच बदललं नाही, फक्त घर पाव वर्तुळ फिरवलं. दोन तारे आले. त्यांनी त्याच दुपारी आप्पांना आणि ज्यांच्या यादीवर परीक्षक म्हणून त्यांचं नाव होतं त्या कार्यालयाला कळवून टाकलं: माझी चूक झाली, चार तारे मागं घेते, पाटी काढावी.

आप्पा स्वतः शिरूरला आले. खताच्या वासाचा जिना चढून, कुणालाही सोबत न घेता. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी काय म्हंतो, मी कुठं खोटं लिहा म्हंतोय? तुमी आधी जे लिवलंय, तेच ऱ्हाऊ द्या."

"आधीचं खोटं हाय आप्पा."

"मग मागं झाडं दावा की. कॉम्प्युटरात झाडं दावता येत्यात म्हनं."

"येत्यात. लावा, वाढवा, मग दावते."

"पडदं धरा."

"दुपारभर पडदा लावून बाई भाकरी कशी थापील? दिवा लावून?"

आप्पा हसले. त्यांना मॅडम आवडायच्या, हे मला तिथं कोपऱ्यात बसून दिसत होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. "हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "शिरूर आन् दौंड, दोन्हीकडं घरं कोण बांधतंय, तुमास्नी ठाऊक हाय. आज एका घराचं न्हाई, पुढच्या धा वर्साचं बोलतोय मी."

"बांधा की आप्पा. शंभर बांधा. मी कुठं आडवी आले? पाटीवरनं माझं नाव तेवढं काढा."

आप्पांनी टोपी घातली. पाटी काढली नाही. आठवडाभरात त्या कार्यालयाचं पत्र आलं. तक्रार आली आहे, परीक्षकांनी आधी एक आणि मग दुसरं गुणांकन दिलं, चौकशी होईपर्यंत त्यांनी नवं काम घेऊ नये. मॅडमनी पत्र वाचलं आणि खिडकीतून स्टँडकडं बघत म्हणाल्या, "बरं झालं. आता दुपार मोकळी."

मोकळ्या दुपारी त्यांनी जे केलं, ते त्यांनाच सुचू शकतं. आप्पांच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणत, त्या खुटबावच्याच. एका गावच्या लेकी. मॅडम काकींकडं गेल्या आणि म्हणाल्या, "यंदा पापड लाटायला तुमच्या नव्या घरात बसू की. ज्यांनी घरं घेतलीत त्या बायांना बोलवा. घरबी बघतील, ओळखीबी होतील." काकी खूश. माहेरच्या माणसाला आप्पा नाही म्हणणार नव्हते. शिवाय त्यांना वाटलं, मॅडमचा राग उतरला. ते म्हणाले, "फोटोवाला पाठवतो. बॅनरला कामी येईल."

पापडाचं एक आहे. पंखा लावता येत नाही. वाऱ्यानं पीठ सुकतं आणि पापड कडेनं फाटतो. बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन, जेवणं उरकून आल्या. मॅडम स्वयंपाकघरात, खिडकीला पाठ लावून बसल्या. मी त्यांच्या शेजारी. आधी सगळं झकास चाललं. कुणाची सासू, कुणाची जाऊ, कुणाचा नवरा रेल्वेत, सगळी चौकशी झाली. मग ऊन खिडकीच्या कडेला आलं, फरशीवर उतरलं, आणि हळूहळू बायकांच्या पाठीवर चढलं.

मला वाटलं होतं मॅडम भाषण करतील. त्या नुसत्या लाटत होत्या आणि घाम कोपरानं पुसत होत्या.

"पीठ चिरायला लागलंय गं," कुणी तरी म्हणालं.

"पंखा लागलाय का बघा."

"पंखा बंद हाय. भिंतीला हात लाव, म्हंजी कळंल."

एक म्हातारी, सुनेसोबत आलेली, लाटणं खाली ठेवून म्हणाली, "घर हाय का भट्टी हाय ही? आन् त्या पाटीवर तारे कशाचे?"

"आत्या, मला तर दिसले," एक तरणी बाई म्हणाली. "चारबी तारे दिसले डोळ्यांपुढं."

सगळ्या हसल्या, पण उठायला लागल्या. पहिल्यांदा काकी उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी आपलं पोळपाट उचललं आणि पुढच्या दाराच्या पायरीवर, पूर्वेच्या सावलीत जाऊन बसल्या. मग एकेक करून सगळ्या गेल्या. आप्पा फोटोवाल्याला घेऊन आले तेव्हा नमुन्याचं घर आतून रिकामं होतं आणि बाया बाहेर पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सावलीत बसून पापड लाटत होत्या.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

काकी लाटता लाटता म्हणाल्या, "आत जाऊन बसा तुमी. ओट्यापाशी. पंखा लावू नका."

एवढ्या बायकांसमोर आप्पांना नाही म्हणता आलं नाही. ते गेले. बाहेर लाटण्यांचा आवाज तेवढा येत होता. आप्पा मान पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "उन्हाळाच हाय. ऊन लागायचंच."

"मागं पडवी घाला," काकी म्हणाल्या. "जाळीची भिंत घाला पडवीला. न्हाईतर चाव्या वाटायला मी यायची न्हाई. आन् ह्या बायाबी घ्यायच्या न्हाईत."

म्हातारी म्हणाली, "आमी तर न्हाईच घेत बाबा."

पडवी झाली. प्रत्येक घराला, जाळीच्या विटांची, कौलं घालून. कशी बांधायची ते मॅडमनी गवंड्याला उभं राहून दाखवलं. काम घेऊ नका असं पत्र होतं, दाखवू नका असं नव्हतं. पडवीसकट त्यांनी पुन्हा आतलं घर केलं. तीन तारे आले. त्यांनी आप्पांना निरोप धाडला की तीन खरे आहेत, तीन लावा. आप्पांना चार हवे होते. चौकात बॅनर चारचा होता. त्यांनी पुण्याच्या दुसऱ्या कुणाकडून, जुन्याच नकाशावर, चार तारे कायम करून घेतले. पाटी मात्र नवी केली नाही. जुनीच राहिली, मॅडमच्या नावाची. त्या कार्यालयाचंही पत्र आलं: पहिलं गुणांकन योग्य होतं एवढं लिहून द्यावं, म्हणजे विषय मिटेल आणि यादीत नाव परत येईल.

मॅडमनी मला समोर बसवलं. "लिही. इंग्रजीत लिही, तुझ्या शाळेच्या इंग्रजीत." मी लिहायला बसले. एकच वाक्य झालं: पहिलं गुणांकन चुकीचं होतं आणि ती चूक माझी आहे. खाली त्यांनी सही केली. यादीतून नाव कायमचं गेलं. आता ऑफिसचं भाडंही निघणार नाही, तेव्हा मी पुण्यात नोकरी शोधावी, हेही त्यांनीच मला सांगितलं. मला मिळाली. आजही मी तेच काम करते. कॉम्प्युटरमध्ये घरं उभी करते.

मी पुण्याला जायच्या आधी, दसऱ्याला, दौंडला चाव्या वाटायचा कार्यक्रम होता. मॅडमना बायकांनी बोलावलं होतं, आप्पांनी नाही. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. काकींनी मॅडमना पुढच्या रांगेत बसवलं आणि कानाशी लागल्या. मी मागं बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. "आता सोडा की ताई. पडवी झाली, गारवा झाला. बाया खूश हायत. एक तारा जास्त असला तर कुणाचं काय जातंय?"

मॅडमनी काकींचा हात हातात घेतला. "पडवी तुमची हाय काकी. तुमी भांडून मिळवली. नाव माझं हाय."

आप्पा माइकवर बोलायला उभे राहिले. सगळ्यांची नावं घेतली. ठेकेदार, गवंडी, वायरमन, ड्राफ्ट्समनसुद्धा. मॅडमचं घेतलं नाही. मॅडम उठल्या. बुटांचा आवाज करत मांडवातून बाहेर गेल्या. लाउडस्पीकरशेजारी उभ्या असलेल्या वायरमनच्या खिशातून त्यांनी पेचकस उपसला आणि नमुन्याच्या घराच्या फाटकापाशी जाऊन पाटी सोडवायला लागल्या.

आप्पांचं वाक्य अर्ध्यात थांबलं. "मॅडम," ते म्हणाले, आणि लाउडस्पीकरमुळं ते रेल्वे लायनीपर्यंत गेलं. "आवो मॅडम, हे काय करताय?"

सगळा मांडव मागं वळला. मॅडमनी मान वळवली नाही. "चालू द्या आप्पा, भाषण चालू द्या. दोनच स्क्रू राह्यलेत."

कुणी तरी हसलं. ती म्हातारी असावी. अडवायला कुणी उठलं नाही. एक स्क्रू गंजला होता. तो निघेना, तेव्हा मॅडमनी पाटीच धरून उलटी पिळली. कर्रकन आवाज झाला. पाटी काखेत मारली, पेचकस वायरमनला परत दिला, आणि मला म्हणाल्या, "चल. शिरूरची गाडी सुटंल."

एसटीत आम्ही डाव्या बाजूला बसलो. चौफुल्याला गाडी न्हावऱ्याकडं वळली आणि सगळं ऊन आमच्या अंगावर आलं. कंडक्टरनं पाटीकडं बघून विचारलं, "हे लगेज हाय का?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "माझं नाव हाय ते."

त्यानं तिकिटं फाडली आणि पुढं गेला. मला खूप काही बोलायचं होतं. मी कधीच बोलले नव्हते. पारगावचा पूल गेला, ऊस गेला, माझं गाव जवळ आलं. मी म्हटलं, "मॅडम, नोकरीत कुणी मला नसलेली झाडं दाखवायला सांगितली तर?"

"तर काय?"

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"बोलायचं कशाला? सही करू नको. गप बसून करता येतंय की ते. तुला तर सोपं जाईल."

न्हावऱ्याला मी उतरले. गाडी थोडा वेळ थांबली होती. मी गाडीच्या कडेनं त्यांच्या खिडकीखाली गेले, हात करायला. मॅडमचा चेहरा दिसला नाही. सूर्य त्यांच्या खिडकीच्या अगदी समोर आला होता आणि त्यांनी ती पाटी दोन्ही हातांनी खिडकीला लावून धरली होती, उन्हाला आडोसा म्हणून. बाहेरून मला फक्त चार तारे, एका कोपऱ्याला वाकलेला पत्रा आणि खाली त्यांचं पूर्ण नाव दिसत होतं. गाडी हलली, वेग घेऊ लागली. शिरूरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी ती खाली घेतली नाही.